नावातला धोंडा

ग्रंथालयात कवितेच्या कपाटात ना. धों. महानोर असतात. वैचारिक पुस्तकांच्या फळीवर र. धों. कर्वे. आणि खालच्या, मुलांचा हात पोचेल अशा कप्प्यात ना. धों. ताम्हनकर. तिघांच्याही नावात मधोमध तेच अक्षर बसलेलं आहे: धों. मराठी वाचकाच्या नजरेला ते इतकं सवयीचं झालंय की पुढचं टिंब कशाच्या जागी आलंय, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. तिथे त्यांचे वडील आहेत. धोंडो. म्हणजे धोंडा, बांधावर पडलेला, ओढ्यात लोळणारा, अंधारात ज्याची ठेच लागते तो.

ताम्हनकरांनी मराठी मुलांना दिलेल्या लाडक्या नायकाचं नाव गोट्या. गोटा म्हणजे पुन्हा दगडच, नदीने घासून गुळगुळीत केलेला. धोंडोपंतांच्या मुलाने ‘गोट्या’ लिहावा हा योगायोग असेल. पण पोराला दगडाच्या नावाने हाक मारणं मराठी घरात किती अंगवळणी पडलेलं होतं, ते त्यातून दिसतंच.

आज बारशाला धोंडो कुणी ठेवत नाही. दगडू नाही, धोंडिबा नाही, दगडाबाई तर नाहीच. ही नावं आधी पाळण्यातून गेली, मग पिढीभर मधल्या नावात टिकली, आणि आता तिथूनही निघाली आहेत. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. या नव्या क्रमात ‘धों.’ फार कमी दाखल्यांवर उतरेल, कारण आजच्या बापांचीच नावं संदीप, अमोल आणि सचिन आहेत. नाव मागे पडण्यात वावगं काही नाही. नावांचाही काळ असतो. वाईट आहे ते वेगळंच. जाता जाता हे नाव चेष्टेचं झालं. गावंढळ, अडाणी, नोकर, विनोदी पात्र असं काही सुचवायचं असलं की धोंडू किंवा दगडू हाताशी घ्यायचा, असा रिवाज पडला. ज्या आयांनी ही नावं ठेवली, त्यांच्यावर हा मोठा अन्याय आहे.

कारण या नावामागे भीती होती, आणि ती खरी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर पाच बाळांपैकी साधारण एक बाळ वर्षाचं होण्याआधीच जात असे. देवी, गोवर, पटकी, हगवण, नाळ कापताना होणारा धनुर्वात अशी मरणं दारात उभी असत. वर्ष ओलांडलं तरी घोर संपत नसे. एकेका बाईने सात-आठ बाळंतपणं काढायची आणि त्यातली दोन-तीन पोरं हाताशी लागायची, हे घरोघर होतं. ‘पोर जगत नाही’ असं जिच्याबद्दल गाव बोलू लागे, तिच्यापुढे दवाखाना नव्हता, लस पोचलेली नव्हती. तिच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे नाव.

मग तिने काय करायचं? पोर जन्मलं की त्याचं कौतुक करायचं नाही. त्याला सुपात घालायचं, घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. ठरलेली शेजारीण यायची, ‘इथं कुणी टाकलंय गं हे?’ म्हणत सूप उचलायची, आणि आई पसाभर धान्य किंवा एखादं नाणं देऊन आपलंच पोर तिच्याकडून विकत घ्यायची. सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. फसवायचं होतं ते फक्त मरणाला. हे मूल त्या घरचं नाही, कुणाला नकोय, कचऱ्यात सापडलंय, याच्याकडे बघायचंही कारण नाही, हे त्याला पटवायचं. हे नाटक जन्मभर टिकावं म्हणून नावही तसंच. उकिरड्यावर ठेवलेला तो केरू, केरोबा, कचरू. विदर्भात उकंडा आणि पुढे मोठा झाल्यावर उकंडराव. सुपात घातलेला तो खानदेशात सुपडू. भीक मागून आणलेल्या कपड्यात गुंडाळलेला तो भिकू, भिकाजी. नाक टोचून मुलीसारखा वाढवलेला तो नथू. कवडीमोलाचा तो कवडू, आणि कोंड्याच्या मोलाचा तो कोंडाजी. ज्या कोंडाजी फर्जंदाने 1673 मध्ये साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, त्याचं नाव याच कुळातलं.

या सगळ्यांत दगडाला वरचा मान होता. कचरा उडून जातो, कोंडा सरतो. दगड राहतो. त्याला नजर लागत नाही, रोग होत नाही, आणि चोर तो उचलून नेत नाही. आईने एकाच शब्दात दोन गोष्टी सांगितल्या: मरणाला सांगितलं, हा बिनकामाचा आहे; आणि पोराला सांगितलं, तू टिक.

त्यातून मराठी मुलखात दगड कधीच नुसता दगड नव्हता. शेंदूर लागला की तो म्हसोबा. डोळे बसवले की तांदळ्याच्या रूपातली देवी. तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक मास इथल्या लोकांच्या तोंडी धोंड्याचा महिना असतो. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. अशा महिन्यात जन्मलेल्या पोराला धोंडू म्हणणं कुणाला खटकण्याचं कारणच नव्हतं. आणखी एक धागा काशीहून येतो. तिथल्या गणपतीचं नाव ढुंढिराज, म्हणजे ज्याला सगळे धुंडतात, शोधतात तो. दादासाहेब फाळक्यांचं पाळण्यातलं नाव याच देवाचं, धुंडिराज. बोलताना धुंडिराज आणि धोंडो एकमेकांच्या इतके जवळ येतात की घरातल्या हाकेत कुठे देव संपतो आणि कुठे धोंडा सुरू होतो, हे सांगणं कठीण व्हावं.

ही युक्ती काही एकट्या मराठी आईची नाही. रिचर्ड कार्नॅक टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने 1883 मध्ये पंजाबी माणसांच्या नावांवर पुस्तक लिहिलं. पंजाबात जमिनीवरून ओढलेला तो घसीटा, आणि छाजात, म्हणजे सुपात घातलेला तो छज्जू. आपल्या सुपडूचा सख्खा भाऊ. मंगोलियात आजही नेर्गुई नावाची माणसं भेटतात. अर्थ: बिननावाचा. एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’, आणि हुनबिश म्हणजे ‘माणूस नव्हे’. आफ्रिकेत योरुबा लोकांमध्ये, आधीची मुलं गेलेल्या घरी जन्मलेल्याला कोसोको म्हणत: ‘कुदळ नाही’. खड्डा खणायला कुदळच उरलेली नाही, तेव्हा तू जाऊ नकोस. या नावाचा एक राजा 1845 ते 1851 लागोसच्या गादीवर होता. ज्या आयांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, एकमेकींची भाषा ऐकली नाही, त्यांनी मरणाशी बोलायला सारखेच शब्द शोधले.

इथपर्यंतची गोष्ट मायेची आहे, आणि ती तिथेच संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण मराठी समाजात नाव एकटं येत नाही. त्याला शेपूट असतं, आणि माणूस कुठल्या आळीत जन्मला ते त्या शेपटावरून कळतं.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी बायकांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, शंभरीच्या उंबरठ्यावर 1958 मध्ये भारतरत्न स्वीकारलं आणि 1962 च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकशे पाचाव्या वर्षी ते गेले. टिकून राहावा म्हणून जे नाव ठेवत, ते इतकं सार्थ झाल्याचं दुसरं उदाहरण मिळायचं नाही. तरीही त्यांना अण्णा म्हटलं गेलं, महर्षी म्हटलं गेलं. धोंड्या म्हणून हाक मारण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. दुसऱ्या बाजीरावाने दत्तक घेतलेला वेणगावचा मुलगा धोंडोपंत, म्हणजेच 1857 चे नानासाहेब पेशवे. इंग्रजांनी त्यांच्या डोक्यावर लाखाचं बक्षीस लावलं, आणि ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने 1880 च्या आपल्या एका कादंबरीत त्यांना ‘दांदू-पंत’ करून टाकलं. कोकणातला धोंडा असा पॅरिसपर्यंत पोचला. पुण्यात मिठाईचा धंदा करणाऱ्या गडव्यांचा दगडू शेठ झाला, आणि 1893 पासून बसणाऱ्या त्यांच्या गणपतीला आज सगळा महाराष्ट्र त्यांच्याच नावाने ओळखतो. ‘दगडूशेठला जाऊन येते’ असं म्हणून घराबाहेर पडणाऱ्या बाईला आपण दगड हा शब्द उच्चारला, असं वाटतही नाही. देवालाच ते नाव मिळालंय. जयपूर-अत्रौली घराण्याच्या धोंडूताई कुलकर्णी मैफलीत बसल्या की श्रोत्यांच्या कानात त्यातलं ‘ताई’ आधी शिरायचं.

पंत, शेठ, ताई, राव. ज्यांच्या घरी ही शेपटं लावायची सोय होती, त्यांचा धोंडा देव्हाऱ्यात गेला. ज्यांच्या घरी ती सोय नव्हती, त्यांचा धोंड्या झाला, दगड्या झाला, आणि तो तसाच म्हातारा झाला. आजोबांच्या वयाच्या माणसाला पाटलाच्या पोराने ‘ए धोंड्या’ म्हणायचं आणि आजोबांनी ‘जी’ म्हणून पुढे व्हायचं, हे याच मातीत घडत होतं.

गावकुसाबाहेर या नावांना आणखी एक इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं ठेवावं याचा नियमच आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं किळस यावी असं. म्हणजे एका घरी कचरू हे आईने पोटच्या गोळ्यासाठी रचलेलं नाटक होतं, आणि दुसऱ्या घरी तेच नाव वरून आलेला हुकूम होता. शब्द एकच. एकीकडे मूल वाचल्यावर धाकट्याचं नाव गोविंद ठेवायची मुभा होती. दुसरीकडे गोविंद ठेवला तरी गावाच्या तोंडी त्याचा गोंद्याच होणार होता. दगडू या नावाबद्दल बोलताना नुसती मायेची कथा सांगणारे लोक ही बाजू गाळतात, आणि नुसत्या अपमानाची कथा सांगणारे पहिली बाजू गाळतात. एकाच वस्तीत, कधी एकाच आईच्या मनात, दोन्ही गोष्टी असणार. पोर जगावं ही तिची धडपड खरी, आणि तिच्या पोराला चांगलं नाव शोभत नाही हा गावाचा समजही खरा.

हे सगळ्यात धीटपणे बोलून दाखवलं ते दया पवारांनी. 1978 मध्ये आलेल्या ‘बलुतं’मध्ये शिकलेला, शहरात राहणारा दया पवार दगडू मारुती पवारची कहाणी ऐकतो, आणि दोघं एकच माणूस आहेत. आपल्याला असं नाव का मिळालं, ही सल त्या कहाणीत अगदी आरंभापासून आहे. पवारांनी पुढे दया हे नाव घेतलं, पण दगडूला पुसून टाकलं नाही. त्याला समोर बसवून बोलू दिलं.

त्याआधीच, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाल्यावर, हजारो घरांतले पाळणे बदलले होते. कचरूच्या घरी सिद्धार्थ आला, धोंडिबाच्या घरी मिलिंद, सखूच्या नाती सुजाता आणि संघमित्रा झाल्या. महाराष्ट्रातल्या नावांचा हा सर्वांत मोठा बदल. त्यासाठी कुणी अर्ज केला नाही, कुठल्या सरकारी कचेरीत रांग लागली नाही. बारशाच्या दिवशी बापाने ठरवलं, एवढंच.

पाळणे बदलायला आरोग्यानेही हात लावला. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 चा. 2020 च्या पाहणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत जाणारी बाळं 16 होती. शंभर वर्षांपूर्वी दोनशेच्या घरात असत. दंडात टोचलेली सुई आणि आरोग्यसेविकेच्या हातातलं कार्ड आलं, आणि दगडाकडे गाऱ्हाणं घालायची गरज उरली नाही. दगडू हे नाव विरळ झालं याचं खरं कारण पोरं जगू लागली हे आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे.

पण याच्या शेजारी आणखी एक नाव आहे. वरवर ते याच रांगेतलं दिसतं, आणि काही अभ्यासकही ते त्याच खात्यात टाकतात. नकुशी. कुठे नकोशी, कुठे नकुसा.

दगडू आणि नकुशी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दगडूची आई ‘नको’ म्हणते ती मरणाला ऐकू जावं म्हणून. मनात ती त्याला घट्ट धरून असते. नकुशीच्या घरी ‘नको’ हे खरंच ‘नको’ असतं. लागोपाठ मुली झाल्या, आता पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून या मुलीच्या नावातच देवाला निरोप द्यायचा. मुलगी म्हणजे त्या निरोपाचा कागद. बंगालमध्ये अशा मुलीचं नाव अन्नाकाली ठेवत, ‘काली, आता पुरे’. तमिळ गावांत वेंडाम, म्हणजे ‘नको’. उत्तरेत भतेरी, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. दगडू नावाच्या मुलाला मोठेपणी आजी सांगायची, ‘तुला फार नवसाने ठेवला बाबा.’ नकुशीने आपल्या नावाचा अर्थ विचारला तर घरात कुणाकडे काय उत्तर असणार?

22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात जिल्ह्यातल्या 285 नकुशींना नवी नावं मिळाली. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गावोगावच्या अशा मुली शोधून काढल्या होत्या. नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि हातात छोटा पुष्पगुच्छ. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. शाळेत हजेरी घेताना रोज दहा वाजता सगळ्या वर्गासमोर ‘नकुशी’ ऐकून ‘हजर’ म्हणायचं, हे त्यांचं थांबलं. तो कार्यक्रम चांगलाच झाला. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 894 भरल्या; दहा वर्षांपूर्वी 913 होत्या. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये याच राज्याने केला होता, तरी हे झालं. नकुशी निदान जन्मली होती. जिचं नाव ठेवायची वेळच येऊ दिली नाही, तिच्यासाठी प्रमाणपत्र नव्हतं.

इथे पुन्हा ते ‘धों.’ आठवतं. महर्षी धोंडोंचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि 1927 पासून 1953 पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. खटले झाले, नोकरी गेली. बाईला हवं तेव्हा आणि हवं तेवढंच मूल व्हावं, ते नकोसं म्हणून जन्माला येऊ नये, हे सांगत राहिले. बापाचं नाव मुलं मरण्याच्या काळातलं, आणि मुलाचं काम मुलं हवीशी जन्मावीत म्हणून. दोन्ही काळ र. धों. या दोन अक्षरांत शेजारी उभे आहेत.

म्हणून, पडद्यावर आणि वर्गात दगडूला हसणं बंद व्हावं. ‘टाइमपास’ या 2014 च्या चित्रपटाने दगडूला नायक केलं, थेटरात त्याच्यासाठी शिट्ट्या वाजल्या. तरी नायिका प्राजक्ता आणि तो दगडू, एवढ्या दोन नावांतच कोण कुठल्या घरचं हे प्रेक्षकाला न सांगता कळलं. इतकी ती खूण पक्की बसली आहे. ती पुसायची तर नाव लपवून पुसली जाणार नाही. आजोबांचं नाव धोंडिबा असल्याचं महाविद्यालयात सांगायला लाजणारा मुलगा आणि सासूचं नाव दगडाबाई असल्याचं लग्नपत्रिकेत गाळणारी सून, दोघांनाही त्या नावाची गोष्ट कुणी सांगितलेली नसते. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जालना जिल्ह्यातल्या दगडाबाई शेळके पाठ्यपुस्तकात नावानिशी भेटल्या, तर वर्गातली एखादी दगडाबाईची नात मान वर करून बसेल.

आणि ज्या घरात अजून कुणी धोंडूबाई, भिकूतात्या, केरूअण्णा बसलेले आहेत, तिथे एक काम लगेच करण्यासारखं आहे. त्यांना विचारावं: तुमचं नाव कुणी ठेवलं, तुमच्याआधी कितीजण गेले, सुपातून कुणी उचललं? ही माहिती कुठल्याच जन्मदाखल्यावर नाही. आधी गेलेल्या भावंडांची तर नावंही कागदावर चढली नव्हती. त्यांची जगात उरलेली एकुलती एक नोंद म्हणजे मागे राहिलेल्याचं हे नाव. ते सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि दुपारी जेवण झाल्यावर ओसरीवर विचारलं तर ती खुलून बोलते.